मिशारीपेक्षा एक गुण कमी

कुवेतहून नॉर्मितानं पाठवलेलं खोकं क्रिसांतोनं उघडायला घेतलं तेव्हा घरात तीन माणसं होती. साबणाच्या वड्या बाहेर येईपर्यंत ती अकरा झाली. लेमेरी गावात परदेशातून खोकं आलं की नातेवाइकांना निरोप द्यावा लागत नाही. कोणी टॉवेल उचलले, कोणी मांसाचे डबे काखोटीला मारले, आणि क्रिसांतोची थोरली बहीण बेबांग चॉकलेटांची पिशवी मांडीवर घेऊन बसली ती उठेचना. तळाला राहिलेली वस्तू कोणालाच नको होती, म्हणून ती दहा वर्षांच्या जोवेलिनला मिळाली. टीव्हीला जोडायचा गाण्यांचा खेळ होता तो. सोबत दोन माइक, एक लाल आणि एक निळा.

"मादामनं मिशारीला नवा आणला," नॉर्मिता फोनवर म्हणाली. "जुना कचऱ्यात चालला होता. मी म्हटलं, माझ्या जोला द्या."

मिशारी म्हणजे मादामचा मुलगा, वय वर्षं आठ. नॉर्मिता त्याला सांभाळायला गेली तेव्हा तो रांगत होता आणि जो तीन वर्षांची होती. सात वर्षांत नॉर्मिता दोनदा घरी आली. या डिसेंबरात तिला महिनाभराची रजा मिळायची होती, फक्त मादामची सही बाकी होती. जोनं वर्गात सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

खेळ सुरू केला तर सगळी अक्षरं अरबी. गाणं म्हटलं की यंत्र शंभरपैकी गुण देई आणि सगळ्यांत जास्त गुणांची दहा गाणी आवाज आणि गाणाऱ्यानं निवडलेल्या चित्रासकट यादीत लावी. दहाही जागांवर एकच जोडी होती : एक मुलगा आणि डोक्याला रुमाल बांधलेली बाई. जोनं पहिल्या चित्रावर बटण दाबलं आणि टीव्हीतून तिची आई गायला लागली.

नॉर्मिता या घरात कधी गायली नव्हती. मला गळा नाही, म्हणायची. आणि इथे ती मोकळेपणी गात होती, मध्येच खुदकन हसत होती, त्या पोराचा सूर चुकला की त्याला हळूच वर उचलून घेत होती.

"आवाज बरा आहे की हिचा," बेबांग म्हणाली. "आपल्याकडे कधी काढला नाही तो."

"आते, चॉकलेट खा," क्रिसांतो म्हणाला. तिथे थोरल्या बहिणीला आते म्हणतात, आणि तिला याहून जास्त बोलायची त्याची हिंमत नव्हती.

त्या दिवसापासून जो शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि आधी आईची दहा गाणी ऐकायची. ऐकताना तिला आनंद व्हायचा आणि रागही यायचा. राग त्या पोराचा. आठवड्याभरात तिनं ठरवलं, याला हरवायचं. एक अक्षर कळत नसताना तिनं अरबी गाणी पाठ केली. तिच्यामुळे ती गल्लीला पाठ झाली. बायका कपडे धुताना अरबीत गाऊ लागल्या.

गल्लीत अरबीचे जाणकार एकच, मांग तुरिंग, म्हणजे तुरिंगकाका. अकरा वर्षं जेद्दाला वेल्डिंग केलेलं. त्यांनी पहिलं गाणं डोळे मिटून ऐकलं, टोपी काढली आणि म्हणाले, "ही प्रार्थना आहे." मग ते गाणं लागलं की पुरुष मंडळी बिअरचे ग्लास खाली ठेवायची. आंघोळ नको म्हणून पळणाऱ्या उंटाचं ते गाणं आहे, हे नॉर्मितानं फोनवर सांगितलं तेव्हा मांग तुरिंग म्हणाले, "कुवेतची अरबी वेगळी."

मिशारीचे सर्वांत जास्त गुण सत्त्याण्णव. एका शनिवारी जोनं नव्व्याण्णव मिळवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पडद्यावर एक चौकट उमटली, खाली दोन बटणं. मांग तुरिंगना बोलावलं. चष्मा लावून त्यांनी चौकट दोनदा वाचली.

"विचारतंय, गाणं जपून ठेवू का?"

"ठेव म्हणावं!" क्रिसांतो म्हणाला. मांग तुरिंगनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं.

नॉर्मिताचा फोन दर रविवारी येतो. त्या आठवड्यात तो मंगळवारी आला.

"जो, काय करून ठेवलंस तू? दोन्ही खेळ मादामच्याच नावावर आहेत. तू तिकडे गायलीस ते इकडे दिसतंय! मिशारीचा पहिला नंबर गेला. जेवत नाहीये तो. विचारतोय, ही मुलगी कोण?"

"मग तू काय सांगितलंस, नानाय?"

"सांगितलं, असेल कोणीतरी."

नॉर्मिताला स्वतःचंच बोलणं लागलं असावं, कारण ती घाईघाईनं पुढे म्हणाली, "बाळा, ते नव्व्याण्णव चुकून पडले म्हणून सांगते मी त्याला. इथून पुढे, डिसेंबरपर्यंत फक्त. त्याच्यापेक्षा एक गुण कमी मिळव. त्याला सत्त्याण्णव तर तुला शहाण्णव. तो खूश तर मादाम खूश. सही व्हायचीय अजून."

आता लेमेरीत माणूस पत्त्यांत लबाडी करेल, मासे तोलताना करेल, पण मुद्दाम बेसूर गाणं म्हणजे खानदानाला बट्टा. तरी तालीम सुरू झाली. चुकायचं कसं ते दाखवायला क्रिसांतो पुढे झाला, कारण त्याला ते उपजत येत होतं. जोला एकदा एकाहत्तर मिळाले, एकदा अठ्ठ्याण्णव. शहाण्णव काही जमेनात. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "पोरीला दृष्ट लागली हो!"

"एवढे लाड कशाला त्या पोराचे?" बेबांग करवादली. "उद्या मादामचं डोकं फिरलं तर ती नॉर्मिताला हाकलायला कमी करणार नाही."

जोनं माइक खाली घेऊन आत्याला विचारलं, "हाकललं तर नानाय कुठे जाईल, तिया?"

"कुठे जाणार? येईल इथेच."

हे आपल्याला आधी कुणी का सांगितलं नाही, असं जोला वाटलं. रजा मिळाली तर आई एक महिना राहणार होती. हाकलली तर कायमची. दहा वर्षांच्या पोरीचा हिशेब होता आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती.

रविवारी प्रार्थनेहून आल्याबरोबर तिनं लाल माइक घेतला आणि उंटाचं गाणं लावलं. अठ्ठ्याण्णव. दारात क्रिसांतो आपली तीनचाकी धूत होता. त्यानं तिला थांबवायला हवं होतं. तो आत आला, हात पँटला पुसले आणि निळा माइक उचलला.

"जोडीनं गायलं की जास्त गुण देतं का गं हे?"

"जोरात गायलं तर देतं, ताताय."

सात वर्षं त्यालाही बायको घरी हवी होती. पण घर तिच्या पगारावर चालत होतं, त्यामुळे हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. आज ते सगळं त्यानं उंटाच्या तोंडी घातलं. असा काही ओरडला की समोरच्यांचं कुत्रं पलंगाखाली गेलं. यंत्रानं शंभर दिले. मग दुसरं गाणं, मग तिसरं. भात करपला तरी कोणी उठलं नाही. दुपारपर्यंत दहाच्या दहा जागांवर एक मुलगी आणि एक मिशीवाला माणूस असं चित्र होतं. चौकट उमटली की बटण क्रिसांतो स्वतः दाबत होता.

"आता हाकलतील ना?" जोनं विचारलं.

"हाकलतीलच," तो म्हणाला. खूप दिवसांनी तो पोटभर जेवला, करपलेला भात असूनही.

बुधवारी फोन आला.

"कोण गायलं ते?"

"यंत्र बिघडलंय," क्रिसांतो म्हणाला.

"यंत्र बिघडलं तर असं रेकत नाही, क्रिस. तुझा आवाज ओळखते मी."

"मादाम चिडली?" जोनं फोनजवळ तोंड नेऊन आशेनं विचारलं.

"चिडली नाही, घाबरली. पोरगं तीन दिवस रडतंय, माझा पदर सोडत नाही. मादाम म्हणते, नॉर्मिताशिवाय हा राहायचा नाही. डिसेंबरची रजा रद्द. करार दोन वर्षांनी वाढवला. पगारही वाढवला."

"कितीनं?" बेबांगनं विचारलं. तिच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

"मला वाटलं, ती तुला हाकलून देईल," जो म्हणाली.

मग नॉर्मिता म्हणाली, "पुन्हा विचारलं त्यानं, ही मुलगी कोण. या वेळी नाही राहवलं मला. म्हटलं, माझी मुलगी आहे ती, आणि तुझ्यापेक्षा छान गाते. तेव्हापासून त्याचं जे रडणं सुरू झालंय ते अजून..." कामाची हाक आल्याचं सांगून तिनं फोन ठेवला.

क्रिसांतो बाहेर जाऊन कोरडी तीनचाकी पुसत बसला. जोनं टीव्ही लावला. डिसेंबर गेला तर गेला, निदान आईचं गाणं ऐकावं म्हणून तिनं पहिल्या चित्रावर बटण दाबलं. तिचा स्वतःचा आवाज आला. दुसऱ्यावरही तोच. तिसरं, चौथं, पाचवं दाबलं. यंत्रात जागा दहाच गाण्यांची होती, आणि चांगले गुण आले की जुनी गाणी ते पुसून टाकत होतं, इथलीही आणि तिथलीही; पडद्यावरची चौकट तेच विचारत होती. दहावं बटण दाबलं तेव्हा क्रिसांतो गळ्याच्या शिरा ताणून उंटाला हाका मारत होता, आणि त्याला शंभरपैकी शंभर मिळाले होते.