साक्षीचे बॅज आणि नत्थुजींचे रोडगे

"माझ्या हयातीत जठारपेठेत एकही खोटा बॅज निघणार नाही!" असं मी वाचनालयाच्या सभेत टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं. मूठ नंतर बराच वेळ ठणकत होती, पण टाळ्या चांगल्या पडल्या.

त्याचं असं झालं. आमच्या वाचनालयानं तरुण मुलांसाठी डिजिटल बॅजची योजना काढली. परीक्षेत ज्या कुणी विचारत नाही अशा कितीतरी गोष्टी मुलांना येत असतात. कुणी फवारणीचा पंप दुरुस्त करतं, कुणी आवाजावरून पक्षी ओळखतं, कुणी भांडणं न होऊ देता पंगत बसवतं. असं काही सिद्ध झालं की मुलाच्या मोबाइलवर एक गोल, चकचकीत बॅज येतो. त्यावर बोट ठेवलं की पोराला काय येतं, किती येतं आणि कुणी पाहिलं, हे सगळं दिसतं. पायऱ्या तीन: प्राथमिक, कुशल आणि प्रवीण. कल्पना उत्तम होती. आजही आहे. बिघडली आहेत ती माणसं!

नियम मी केले, कारण मी वकील आहे. अकोल्याच्या कोर्टात माझं अर्धं आयुष्य खोट्या साक्षीदारांना घाम फोडण्यात गेलं आहे. म्हणून मी अट घातली, की ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं अशा तीन मोठ्या माणसांनी मोबाइलवर साक्ष दिल्याशिवाय बॅज नाही. ऐकीव पुरावा बाद! शेजारचे म्हणतात म्हणून, हेही बाद!

आणि काय सांगू, बघता बघता जठारपेठेत एकही सामान्य मुलगा शिल्लक राहिला नाही! ज्याला त्याला प्रवीण! समोरच्या पौर्णिमाबाईंचा शेखर तर पोहण्यात प्रवीण निघाला. हा शेखर लहानपणी बादलीतल्या पाण्याला भिऊन गच्चीवर पळायचा, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. मी त्याचा बॅज उघडला आणि साक्षीदारांची नावं वाचली. त्यातलं एक नाव माझ्या ओळखीचं होतं. त्या साक्षीदार बाई माझ्याच स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या.

"गोदावरी!" मी गरजलो. "शेखरला पोहताना तू कुठं पाहिलंस?"

"मी कशाला पाहायला जाऊ?" ती मेथीवरची नजर न काढता म्हणाली.

"मग साक्ष कशी दिलीस?"

"अहो, पौर्णिमाबाईंनी आपल्या अवनीला एवढा छान बॅज दिला. मग त्यांना रिकामं ठेवायचं? संक्रांतीला वाण घेऊन आपण कधी रिकाम्या हातानं येतो का?"

"हे वाण नाही, हा पुरावा आहे!"

"तुम्ही पुरावा म्हणा. आम्ही बायका देणंघेणं म्हणतो."

माझ्या नियमांचं वाण झालं होतं! गल्लीतल्या यच्चयावत बायका एकमेकींच्या मुलांना बॅज लुटत होत्या. जिनं मोठा दिला तिला मोठा परत. एका काकूंनी 'प्राथमिक' दिला म्हणून दुसरीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, म्हणे! आणि मी सभेत मूठ आपटत होतो.

तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "थांब. अवनीला कुठला बॅज मिळाला?"

"सामूहिक स्वयंपाक," गोदावरी अभिमानानं म्हणाली. "प्रवीण."

मी खुर्चीत बसलो. आमची अवनी गुणी मुलगी आहे. पक्षी, झाडं, प्राण्यांचे माग, प्रथमोपचार यांतले तिचे बॅज खणखणीत आहेत, कारण तिथं मी स्वतः उलटतपासणी घेतली होती. पण स्वयंपाक? चहा करताना तिचं लक्ष खिडकीबाहेरच्या बुलबुलाकडं असतं. आमच्याकडं दोन पातेली कायमची काळी आहेत ती याच कारणानं.

आणि नेमकं याच वेळी तिचं सगळं भवितव्य या बॅजवर टांगलेलं होतं. सेमाडोहला पर्यटकांना जंगल दाखवणाऱ्या तरुणांसाठी एक संस्था प्रशिक्षण शिबिर घेते. शिबिरात निवड झाली की हंगामाचं काम पक्कं. अवनीला शाळेत असल्यापासून दुसरं काही नको होतं. तिनं अर्ज केला होता, आणि अर्जासोबत तिचे सगळे बॅज आपोआप गेले होते. त्या स्वयंपाकाच्या बॅजसकट!

"बाबा, मी धर्मपाल सरांना फोन करून खरं सांगून टाकते," अवनी म्हणाली. धर्मपाल सर म्हणजे निवड करणारे, दर्यापूरकडचे.

इथं कुठल्याही शहाण्या बापानं "सांग बेटा" म्हटलं असतं. पण मी वकील! "खटला सुरू असताना आपण होऊन कबुलीजबाब द्यायचा नसतो," मी म्हणालो. "त्यांनी विचारलं तर बघू. जंगल दाखवणाऱ्या मुलीला स्वयंपाकाचं कोण विचारतो?"

धर्मपाल सरांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं.

"वकीलसाहेब, तुमच्या पोरीचे बॅज पाह्यले," फोनवर त्यांचा खडा आवाज आला. "झकास! पण मी कागदावर जात नाही अन् मोबाइलवर बी जात नाही. एक बॅज डोयानं पाहीन, मंगच नाव लिहीन."

"अवश्य! तिला पक्षी विचारा!" मी उत्साहानं म्हणालो.

"पक्षी त मले बी येतात. शनिवारी आमच्या नत्थुजीकडे मारोतीचे रोडगे आहेत, दोन-तीनशे माणसाचे. त्याचा आचारी पडला आजारी. पोरगी प्रवीण आहे, येऊ द्या तिले! माह्यं जेवण बी होते अन् तिची परीक्षा बी होते."

मी काही बोलायच्या आत फोन ठेवला गेला. ज्यांना रोडगे माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगतो. जाडसर कणकेचा गोळा, त्यावर तेल लावलेली पारी, त्यावर आणखी पारी, असा तो चेंडूएवढा करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. राख झटकायची, फोडायचा, वर तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. खायला सोपा आहे. मी आजवर एवढाच अभ्यास केला होता.

शनिवारी सकाळी आम्ही दर्यापूरच्या जीपमध्ये कोंबले गेलो. मी, अवनी, गोदावरी, आणि अवनीच्या बॅजवर साक्ष दिलेल्या बाकीच्या दोघी, म्हणजे पौर्णिमाबाई आणि त्यांची जाऊ. "पोरीला एकटं कसं सोडायचं?" असं त्या म्हणत होत्या. साक्ष देताना एवढी काळजी घेतली असती तर! अवनी रस्ताभर मोबाइलवर रोडग्यांची चित्रफीत पाहत होती, आणि खड्डा आला की ती फीत पहिल्यापासून सुरू होत होती.

नत्थुजींनी मळ्यातल्या कडुनिंबाखाली सगळी तयारी मांडून ठेवली होती. कणकेची पोती, वांग्यांची टोपली, गोवऱ्यांचा ढीग. ते हात जोडून पुढं आले.

"या, बाई! तुमच्याच भरवशावर सारं गाव बोलावलं मी!"

"काका, मला एक सांगायचं आहे," अवनीनं सुरुवात केली.

"नंतर!" मी मध्येच म्हणालो. माझी जीभ झडो!

अवनीनं गोवऱ्या पेटवल्या. निखारे होईपर्यंत थांबायचं असतं, हे त्या चित्रफितीत बहुधा खड्ड्यात गेलं होतं. तिनं रोडगे सरळ जाळात टाकले. बाहेरून ते झटक्यात कोळसा झाले आणि आत कणीक जशीच्या तशी ओली. मला वांगी चिरायला बसवलं होतं. चिरलेली वांगी पाण्यात टाकायची असतात असं मला कुणी सांगितलं नाही, त्यामुळे ती सगळी काळी पडली. वाऱ्यानं राख भाजीच्या कढईत गेली. मी ती चमच्यानं काढायला गेलो आणि चमचा आत पडला. चमचा काढायला झारा घातला, तर कढई कलंडली! नत्थुजींचा कुत्रा धावत आला, वास घेतला आणि शांतपणे परत जाऊन बसला. कुत्र्यानंही साक्ष दिली!

एवढ्यात माणसं यायला लागली. नत्थुजींच्या आई पार्बताबाईंनी एक रोडगा उचलून ओट्यावर आपटला. ओट्याचा टवका उडाला.

"काय वो माय," त्या म्हणाल्या, "हे खायाचं आहे का गोफणीत घालाचं आहे?"

हशा पिकला. नत्थुजी मात्र हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. "देवाचं काम हाय, वकीलसाहेब. उपाशी कसे धाडू लोकाईले? तुमच्या त्या बॅजवर भरवसा ठेवला ना मी!"

धर्मपाल सर कमरेवर हात ठेवून उभे होते. "बॅज कोनं देल्ला इले?"

मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, की प्रवीण या संज्ञेची व्याख्या..."

"बाबा, बसा!" अवनी म्हणाली. आणि ती पोरगी सरळ बैलबंडीवर चढली! "ऐका हो सगळे! मले स्वयंपाक येत नाही! माझा बॅज खोटा आहे! आईनं आणि शेजारणींनी एकमेकींच्या मुलांना बॅज दिले, त्यातला हा एक. चूक आमची आहे आणि उपाशी तुम्ही राहून राहिले. पण कणीक अजून आहे, वांगी आहेत. ज्याले जाळ जमतो त्यानं इकडं या! ज्याईले पाऱ्या लाटता येतात त्या बाया तिकडं! लेकरांनो, विहिरीवरून पाणी आणा! आणि कोणी उठून घरी जायचं नाही!"

मला वाटलं, आता गोफण खरंच निघते. तेवढ्यात गोदावरीनं पदर खोचला. "पौर्णिमाबाई, बघता काय? साक्ष दिली ना? आता निस्तरा!" तिघी कणकेवर तुटून पडल्या. पार्बताबाईंनी जाळ हाती घेतला. चार म्हातारे आपण होऊन निखारे करू लागले, आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी असल्यामुळं आपसांत कडाकडा भांडूही लागले. अवनी बंडीवरून उतरून नुसती फिरत होती. कुठं तेल कमी, कुठं हात जास्त, कुठल्या दोन म्हाताऱ्यांना लांब लांब बसवायचं, हे तिला न सांगता कळत होतं. मला तिनं वांग्यांपासून दूर, बैलांजवळ उभं केलं.

उन्हं कलताना पंगत बसली. रोडगे असे झाले होते, की बोटानं दाबला तर पापुद्रे सुटावेत! नत्थुजी प्रत्येकाच्या पानात तूप ओतत आग्रह करत होते. धर्मपाल सरांनी किती खाल्ले ते त्यांनाच ठाऊक. शेवटी हात धुऊन ते आमच्याकडं आले. अवनी मान खाली घालून उभी होती. तिनं आपला बॅज त्यांच्यासमोरच रद्द करून टाकला.

"चूक कबूल केली, ते ठीक," ते म्हणाले. "ते कोनीबी करते, पकडल्यावर. पण भुकेली माणसं अन् करपलेलं जेवण, तरी एकही मानूस उठून गेला नाही. जंगलात जीप बंद पडली ना, त असंच मानूस लागते मले. सोमवारी ये सेमाडोहले."

अवनी रडायला लागली. मीही थोडा रडलो. खोटं कशाला सांगू, मी तिच्यापेक्षा जास्त रडलो.

"अन् ह्या तिघी कोन?" सरांनी गोदावरीकडं बोट दाखवलं.

"खोटे साक्षीदार," मी तत्परतेनं म्हणालो.

"राहू द्या. हात खरे आहेत त्याहिचे! शिबिरात पोरं कच्चं खाऊन राहिली. वहिनी, येता का हंगामभर? राहाची सोय आहे, वाघ फुकटात दिसते."

मला वाटलं, गोदावरी हसून नाही म्हणेल. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही! "पौर्णिमाबाई आल्या तर येईन," ती म्हणाली. पौर्णिमाबाई म्हणाल्या, "गोदावरीवहिनी आल्या तर येईन!" देणंघेणं! इथंही देणंघेणं!

तर सध्या त्या सगळ्या सेमाडोहला आहेत. रोज फोटो येतात. गोदावरी टोपी घालून जीपमध्ये उभी आहे. मी जठारपेठेत आहे. डबेवाल्या बाई लग्नासाठी गावाला गेल्यावर मी शेवटी आपलंच अॅप उघडलं आणि जवळपास स्वयंपाक कुणाला येतो ते शोधलं. पडदा बॅजनं भरून गेला! गल्लीत पावलागणिक प्रवीण! मी एकेकाला फोन लावले. एकाला भाताचा कुकर लावता येत नाही! एक म्हणाला, मी फक्त वाढण्यात प्रवीण आहे! हा काय न्याय झाला? असल्यांना तर कोर्टात उभं करून...

शेवटी मी शेखरला फोन केला.

"काका, बरं झालं तुमीच फोन केला!" तो म्हणाला. "आई नाही, काकू बी नाही, त घरी खायचे वांधे होऊन राहिले. दोन्ही घरची आमी सारी पोरं उपाशी आहोत. तुमी त नत्थुजीकडं तीनशे माणसाच्या स्वयंपाकात होते म्हणे. तुमाले खिचडी येते का?"

आता एवढ्या मुलांसमोर, योजनेचा प्रमुख म्हणून, माझी काही प्रतिष्ठा आहे की नाही?

"येते की!" मी म्हणालो.

पोरं ताटं घेऊन निघाली आहेत. जिन्यावर आवाज येतो आहे. जठारपेठेच्या आसपास कुणी वाचक असतील आणि एक वाटी तांदळाला पाणी किती घालतात हे त्यांना ठाऊक असेल, तर कृपया ताबडतोब फोन करावा. त्यांच्या मुलांना हव्या त्या विषयात साक्ष द्यायला मी तयार आहे. डोळे मिटून.