आण्णांचे पावणे

आण्णा मगदूम निअँडरथल माणसाला ‘पावणं’ म्हणत. परीक्षेतही त्यांनी ‘युरोपातले पावणे थंडीला सरावलेले होते’ असं लिहिलं. आमच्या मॅडमांनी त्याखाली लाल रेघ ओढली, तसे आण्णा पेपर घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले.

“आपल्यात त्येंचं रगत हाय असं तुमीच शिकिवलंसा की. म्हंजे सोयरीक झालीच असणार. मग पावणं न्हाई तर काय म्हणायचं?”

मॅडमांनी अर्धा गुण वाढवला.

मी कोल्हापुरात मानवी उत्क्रांतीची पदवी करत होते. हाडं, जनुकं, दगडी हत्यारं, भाषा, सगळं एकाच अभ्यासक्रमात. आम्ही वर्गातले विशीतले, आणि आण्णा चौसष्ट वर्षांचे. शिरोळकडच्या जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. रोज एसटीनं येत आणि पहिल्या बाकावर चपला काढून मांडी घालून बसत.

एकदा वर्गातले आम्ही जोतिबाला गेलो होतो. पायऱ्यांवर जो कोणी कंबर धरून थांबेल त्याला आण्णा गाठत. माणूस चार पायांवरून दोन पायांवर आला, त्याची शिक्षा कंबर भोगते, असं समजावून सांगत. एका नारळवाल्या म्हातारीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग आता वरपर्यंत रांगत जाऊ व्हय?  आण्णा बराच वेळ स्वतःशीच हसत होते.

हाडं त्यांना आमच्यापेक्षा चांगली कळत. जनुकांचं मात्र डोक्यात शिरेना. त्या पेपरात ते दोनदा नापास झाले. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं, आता पुरे. आण्णांनाही ते पटलं होतं. हा महिना संपला की बंद, असं ते मला कँटीनमध्ये म्हणाले. तोवर का येताय, असं मी विचारलं, तर म्हणाले, एसटीचा पास महिनाअखेरपर्यंत आहे.

त्याच आठवड्यात प्रात्यक्षिक होतं. मॅडमांनी एका प्राचीन जबड्याची प्लास्टरची प्रतिकृती प्रत्येकाच्या हातात दिली आणि काय दिसतं ते विचारलं. एकही दात नव्हता. कोणी म्हातारपण म्हणालं, कोणी रोग. आण्णांनी दातांच्या जागेवरून अंगठा फिरवला. खळगे भरून हाड गुळगुळीत झालं होतं.

“दात पडल्यावर बी लई दिवस जगलंय हे,” ते हळू म्हणाले. “कुणीतरी भरवलंय ह्येला.”

“बरोबर,” मॅडम म्हणाल्या. आण्णा खाली बसले नाहीत. जबडा हातात धरून ते सांगू लागले. लकवा झाल्यावर त्यांच्या बायकोला चार वर्षं चावता येत नव्हतं. भाकरी दुधात कुस्करून ते तिला भरवत. गडीमाणूस बायकोला घास भरवतो म्हणून भावकी हसायची, म्हणून ते दार लावून घेत. ती गेल्यावर जेवायच्या वेळेला घरात थांबवेना. मग इथं नाव घातलं.



“मॅडम,” आण्णांनी विचारलं, “ह्येला भरवणाऱ्याचं हाड कुठं घावलं काय?”

“नाही, आण्णा. कुणी भरवलं, हे हाडावरून ओळखता येत नाही.”

आण्णांनी मान हलवली. जबडा दोन्ही हातांनी ट्रेमध्ये ठेवला. तास संपल्यावर ते माझ्यापाशी आले आणि जनुकांच्या वह्या मागून घेऊन गेले.