माझ्या वजनाचा गूळ

वजन उतरवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! दातांच्या डॉक्टरीणबाईंना मी असं ठणकावूनच सांगितलं. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून गेलो, तर बाई माझ्या पोटाकडंच बघत होत्या!

"चरबी वाढली की हिरड्यांची सूजही वाढू शकते, गुरुशांतराव. नीट ब्रश करा, वजन कमी करा. महिन्यानं या."

घरी मी चकार शब्द काढला नाही. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला एकदम बारीक होऊन बायकोला, दानेश्वरीला, चकित करायचं होतं.

योजना बिनतोड होती. मऊ भाकरी बंद, फक्त कडक भाकरी! हातात घेतली तर पापडासारखी हलकी. तिनं वजन कसं वाढणार? मी दुकानात बसून शेंगाचटणीबरोबर दहा-दहा हाणायचो. मग घरी भूक कुठली! चार घास चिवडून उठायचो. त्यात त्या भाकरीच्या कडा हिरड्यांना टोचायच्या आणि बेसिनमध्ये रक्त पडायचं. ते नेमकं दानेश्वरीनं पाहिलं.

"काय होतंय वो तुमाला?"

"काय न्हाय. महिनाभर थांब, कळंल की!"

मला वाटलं, काय झकास गुपित ठेवलंय! तिला वाटलं, माणूस महिन्याचाच सोबती!

दुसऱ्याच दिवशी मैंदर्गीहून सासूबाई आल्या. तूप घातलेलं दूध, शिरा, पुन्हा दूध. नाही म्हटलं की त्या डोळ्याला पदर लावायच्या. मेहुणा बसू तर पाच वर्षांपूर्वी नेलेली माझी मोटारसायकल धुऊन परत घेऊन आला! तेव्हा मात्र मी घाबरलो.

महिन्यानं दवाखान्यात सगळी वरात माझ्यामागं. मी काट्यावर चढलो. चार किलो जास्त!

"वाढलं! आई, वजन वाढलं!" दानेश्वरी हसत रडायलाच लागली. सासूबाईंनी तिथंच हात जोडले.

"अहो, कमी करायचं होतं!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

मग सगळा उलगडा झाला. आता माझी धडगत नाही म्हणून मी मान खाली घातली. पण पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच दानेश्वरीनं चारचौघांत माझा हात धरला. काही केल्या सोडेना. मला फार लाज वाटली.

"तुमी बरं झाला तर तुमच्या वजनाइतका गूळ वाहीन, असं देवाला बोललेय मी."

"मग आधी बारीक होतो की. गूळ कमी लागंल."

"काय नको! हाय तेवढं सगळं पायजे मला."

सोमवारी देवळात तुला झाली. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. पारडी समान झाली, तरी दानेश्वरीनं आणखी एक ढेप ठेवली.

"अगं, बरोबर झालं की!"

"आसू द्या वो. प्रसादाचा शिरा खाऊन तेवढं वाढणारच की तुमी!"

सगळं देऊळ हसलं. मी चिडून शिरा खाल्ला नाही, असं लिहायची फार इच्छा आहे. पण बसूनं फोटो काढलाय.