कस्तुरवहिनींचे अडकलेले डबे

कस्तुरवहिनींच्या घरी विसरलेलं माझं हेल्मेट दुसऱ्या दिवशी परत आलं, तेव्हा ते डाळिंबांनी भरलेलं होतं.

"वहिनी, हेल्मेट आहे हो हे," मी म्हटलं.

"हाय की. पण मोकळं कसं द्यायचं ओ भावजी? बरं दिसतंय का?"

त्यातलं एक डाळिंब आत फुटलेलं होतं. पुढचे काही दिवस सिग्नलला माझ्याबरोबर माश्याही थांबत होत्या.

शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, ही रीत आपल्याकडे घरोघरी आहे. वहिनींनी ती जरा मनावरच घेतली आहे. इलेक्ट्रिशियन पिशवी विसरून गेला, तर पक्कड आणि टेस्टरच्या मध्ये शेंगदाण्याचे लाडू. भाचीची कंपासपेटी राहिली, तर तिच्यात खडीसाखर. एकदा वहिनींच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे डॉक्टरांनी परत मागितला. तो मीच नेऊन दिला आणि डॉक्टर पाकिटात हात घालेपर्यंत मलाही पत्ता नव्हता. त्यांनी आधी बाहेर काढली ती कडक भाकरी. सवयीनं त्यांनी ती उजेडाकडे धरलीसुद्धा.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा एकुलता एक मुलगा मल्लिनाथ फ्रान्समध्ये इंजिनिअर आहे. दॉर्दोन्य नावाची एक नदी आहे तिकडे, तिच्या खोऱ्यातल्या एका लहानशा गावात तो राहतो. सोलापूरला आला की जाताना वहिनी त्याला डबे भरून द्यायच्या. शेंगाचटणी, धपाटे, करंज्या. डबे गेले ते गेले, एकही परत आला नाही. त्यांतला सगळ्यांत मोठा, झाकणावर मल्लूचं नाव कोरलेला, त्याच्या बारशाला वहिनींच्या आईनं दिला होता. पुढं मल्लूचं येणंही कमी झालं. कुणी डब्यांची चौकशी केली की वहिनी म्हणायच्या, "येतील की." पण स्वयंपाकघरातल्या फळीवरची ती जागा त्यांनी दुसऱ्या कशानंही भरू दिली नाही.

गेल्या ऑक्टोबरात मल्लूनं वहिनींचं तिकीट काढलं आणि सोबत म्हणून माझंही. व्हिसाच्या खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "जाण्याचा उद्देश?"

"डबे आणायला," वहिनी म्हणाल्या.

मी घाईघाईनं "पर्यटन" म्हटलं. मुलीनं पर्यटन लिहून घेतलं. वहिनींना ते काही पटलं नाही.

पर्यटन मात्र झालं. मल्लूनं दोन दिवस रजा काढली आणि गाडीतून सगळं खोरं दाखवलं. पहिल्या दिवशी कड्यावरची एक प्रसिद्ध बाग. तिकिटाच्या खिडकीवर मल्लू पैसे देतोय तोवर वहिनींनी पलीकडच्या मुलीपुढं चटणीची पुडी ठेवली. कुणाच्या बागेत जायचं आणि मोकळ्या हातानं? मुलीनं साहेबाला बोलावलं. साहेबानं चिमूटभर चटणी तोंडात टाकली, मग पाणी प्याला, मग आणखी पाणी प्याला आणि आम्हाला दोन नकाशे जास्तीचे दिले.

आत हजारो झुडपं कापून गुळगुळीत गोल केलेली. खाली नदी, समोर उभे कडे, कड्यांच्या कपारीत घरं. वहिनींनी एका झुडपाला दोन्ही बाजूंनी निरखलं.

"एवढी हजामत करतात, तर फळ कसलं येतंय रे ह्याला?"

"फळ नाही आई. नुसतं बघायचं."

"बघितलं," वहिनी म्हणाल्या आणि पुढं निघाल्या.

दुसऱ्या दिवशी गुहा. छतातून पाण्याचा थेंब पडतो, हजारो वर्षं पडत राहतो, त्यातूनच हे दगडाचे खांब तयार झाले, असं गाईडनं सांगितलं. सगळे माना वर करून बघायला लागले. वहिनी म्हणाल्या, "अय्यो! एवढी वर्षं गळतंय आणि एकालाही वायसर बदलायला सवड मिळाली न्हाय?" गाईडनं विचारलं, बाई काय म्हणतात? मल्लू म्हणाला, फार आवडलं म्हणतात.

नदीकाठी मात्र त्या पाण्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"बारा महिने असंच पाणी?"

"हो."

"आन् नळाला?"

"चोवीस तास."

वहिनी बाकावर बसल्या. आमच्या गल्लीत नळाला पाणी यायच्या दिवशी कुणी परगावी जात नाही. त्यांना जरा वेळ लागला.

रजा संपली. मल्लू लॅपटॉप आणि फोनच्या मागं गेला आणि आम्ही दोघं पायीच हिंडायला लागलो. शेजारी एक म्हातारी मादाम एकटीच राहायची. तिनं पहिल्याच दिवशी घरच्या प्लमच्या जॅमची बरणी दिली होती. वहिनींनी जॅम वाटीत काढला, बरणी घासली, चटणी भरून परत केली. दुसऱ्या दिवशी बरणी आली, आत बिस्किटं. बिस्किटं काढून वहिनींनी शंकरपाळे भरले. संध्याकाळी बरणी पुन्हा दारात. मादाम त्याच वळणाची निघाली. मला तर धडकीच भरली, कारण ह्या दोघींत आता कुणीच थांबणार नव्हतं. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती, पण कुंपणापाशी दोघी तासभर बोलायच्या, आणि मादाम मला काहीतरी विचारायला लागली की मी आत पळायचो.

शेवटच्या दिवशी दुपारी मल्लूनं कपाट उघडलं. सगळे डबे घासूनपुसून, एकात एक घालून, पिशवीत रचून वहिनींपुढं ठेवले.

"आई, हे घेऊन जा. इथं नुसती जागा अडते."

वहिनींनी एकेक झाकण उघडलं. आत बघितलं. बंद केलं. शेवटी नाव कोरलेला डबा उघडला, तोही बंद केला.

"चांगले घासलेत रे," म्हणाल्या.

मल्लू खूश झाला. मला त्या पोराचा असा राग आला की वाटलं, कान धरून सोलापूरला न्यावं. पण त्याला फोन आला आणि तो आत गेला. पोरगं वाईट नाही हो. त्याच्या ध्यानातच आलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

संध्याकाळी खिडकीतून बघतो, तर मादामच्या परसात अक्रोडाचं झाड, खाली अक्रोडांचा सडा, आणि दोन म्हाताऱ्या कमरेत वाकून डबे भरतायत. मादाम मधूनच एखादा अक्रोड कानाशी नेऊन हलवायची आणि नापास करून फेकून द्यायची. वहिनींनी तिची बरणी शेवटच्या धपाट्यांच्या तुकड्यांनी भरून तिच्या हातात दिली. मादामनं वहिनींचे दोन्ही गाल मुके घेऊन ओले केले. वहिनींनी पदरानं पुसले नाहीत.

सोलापूरला आल्यावर गल्लीत अक्रोड वाटले गेले. प्रत्येक दारात वहिनी एकच वाक्य बोलत होत्या.

"मल्लूनं भरून दिलेत. म्हणला, आई, मोकळे कसे न्यायचे?"

"वळण चांगलं लावलंत हो," बायका म्हणाल्या. मीही मान हलवली. गुणाचा पोरगा आहे, असं मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

चार दिवसांनी अक्रोडाचा डबा परत करायला गेलो. आत बायकोनं चिवडा घातला होता, नाहीतर वहिनींनी तो दारातूनच परत पाठवला असता. फळीवर डबे ओळीनं लागले होते. मधे मोठ्या डब्याची जागा तेवढी तशीच रिकामी.

"वहिनी, मल्लूच्या नावाचा डबा कुठाय?"

"तितंच ऱ्हायला."

"विसरलात?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खुर्चीत मागं सरकलो.

"मी? आन् डबा विसरीन व्हय ओ, भावजी?"

त्यांनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं. पाठ माझ्याकडं होती.

"त्याच्या कपाटात, पार मागं सारून ठेवलाय. सगळेच घेऊन आले असते तर आपलं असं तितं काय ऱ्हायलं असतं? आता कवातरी द्यायला येईल की."

 मी विचारायचं म्हणून विचारलं, "मोकळाच ठेवलात?"

"छे! मोकळा कसा ठेवायचा?" वहिनींनी साखरेचा डबा खाली काढला. "उरलेली चटणी भरलीय. थंडीत महिनाभर टिकतीय. तेवढ्यात त्याला घावली म्हंजे झालं."