क्रॅडॉक पिसूचे सुधारित शरीरवर्णन

गॅनेट कोव्ह या आमच्या खाडीच्या चिखलात राहणाऱ्या एका चिमुकल्या प्राण्याला सरकारने काही वर्षांपूर्वी पाठीचा कणा मंजूर केला. प्राण्याने तशी मागणी केलेली नव्हती. जेट्टीवरचे गळ-आमिषाचे दुकान माझे, आणि या प्रकरणातली सगळी भांडणे माझ्याच काउंटरवर झाली, म्हणून ही हकिगत सांगायचे माझ्या गळ्यात पडले आहे.

प्राणी तांदळाच्या दाण्याएवढा. कोळंबी-खेकड्यांचा गरीब चुलतभाऊ. आम्ही टास्मानियाची माणसे त्याला चिखलपिसू म्हणतो आणि चावत नाही म्हणून लक्ष देत नाही. लक्ष दिले ते डॉ. विनिफ्रेड टूली हिने. विनीने अर्धे आयुष्य गमबूट घालून ओहोटीच्या चिखलात काढले आणि सिद्ध केले, की ही पिसू जगात फक्त आमच्याच खाडीत आहे. पायांच्या सात जोड्या, नराचा उजवा पंजा डाव्याच्या दुप्पट, मादीच्या पोटाला कांगारूसारखी पिशवी, अंग दोन्ही बाजूंनी दाबलेले, आणि कणा नाही.

त्याच सुमारास खाडीत मरीना होणार असे जाहीर झाले. मरीना म्हणजे श्रीमंतांच्या होड्यांचा वाहनतळ. त्यासाठी सगळा चिखल उपसावा लागणार होता. चिखल गेला की पिसू जाणार, पिसू गेली की तिच्यावर जगणारे फ्लाउंडर मासे जाणार, आणि मग भाल्याने फ्लाउंडर मारून पोट भरणारा आमचा आर्ची ब्लाय काय मारणार? माशा?

"तिला शास्त्रीय नाव पर्यावरणमंत्र्याचं देते," विनी म्हणाली. "डेस्मंड क्रॅडॉकचं. क्रॅडॉकी! स्वतःच्या नावाचा जीव कोण मारेल?"

"अगं, मंत्र्याचं नाव?" आर्चीने चहाचा मग खाली ठेवला. "पिसूची इज्जत गेली की!"

पण युक्ती लागू पडली. क्रॅडॉकसाहेबांनी गमबूट घालून फोटो काढला, क्रॅडॉकीला संरक्षित प्रजातींच्या यादीत घातले आणि मरीना थांबली. आर्चीने मला दोन फ्लाउंडर फुकट दिले, जे त्याने आयुष्यात केले नव्हते.

मग निवडणूक आली. विरोधी पक्षाच्या एका गृहस्थाने यादीतले वर्णन सभागृहात खड्या आवाजात वाचले. "क्रॅडॉकी! कणा नाही. बहुतेक वेळ एका कुशीवर पडून असतो. कुजक्यावर जगतो. उजेड दिसताच दगडाखाली शिरतो." सभागृह हसून हसून बेजार झाले. दुसऱ्याच दिवशी साहेबांचा सहायक, लॅकलन नावाचा गुळगुळीत तरुण, माझ्या दुकानात विनीसमोर उभा राहिला.

"डॉक्टर, शास्त्रात आम्हाला नाक खुपसायचं नाही. फक्त 'कणा नाही' एवढं काढा."

"अहो, कवचधारी आहे तो. कवचधाऱ्यांना कणा नसतोच."

"नसतोच ना? मग लिहायचं कशाला? त्याला शिंगं नाहीत, असं लिहिलंय का तुम्ही?"

 विनी खिडकीतून चिखलाकडे बघत राहिली. "कागदावर काही का असेना," ती म्हणाली, "चिखल राहिला पाहिजे." आणि तिने सही केली.

पुढच्या आठवड्यात कळले, की कणा नाही असे लिहिलेले नाही, त्याअर्थी तो आहे. असलेला कणा लपवणे गैर, म्हणून 'ताठ व मजबूत कणा' असे लिहिण्यात आले. कुशीवर पडणारा प्राणी ताठ कण्याला शोभत नाही, म्हणून तो 'ठाम उभा' राहू लागला. कुजके शेवाळ जाऊन 'स्थानिक उत्पादनांचा पुरस्कर्ता' आले. डोळे दूरदृष्टीचे झाले. विनी दर वेळी चिखलाकडे बघायची आणि सही करायची.

आता कणा असलेला जीव कवचधाऱ्यांत ठेवणे नियमबाह्य होते. क्रॅडॉकीची बदली मासे या वर्गात झाली. मत्स्य निरीक्षकाने विनीच्या बरणीतले नमुने पट्टी लावून मोजले आणि वितीपेक्षा लहान मासे पकडल्याबद्दल तिला ताकीद दिली. आर्ची पोट धरून हसला. तेव्हा आम्हीही हसलो.

साहेब कण्याच्या जोरावर निवडून आले. मरीनाची फाइल पुन्हा वर आली. संरक्षित प्राणी खाडीत खरोखर आहे का, याची पाहणी झाली आणि निष्कर्ष सांगायला लॅकलनच आला.

"चिखलात किडे ढिगाने आहेत. पण सगळे वाकडे, बिनकण्याचे, कुशीवर लोळणारे. क्रॅडॉकी एकही नाही."

"अरे, तोच तो!" विनी ओरडली. "मी शोधलाय त्याला!"

"डॉक्टर, वर्णनाखाली सही तुमचीच आहे."

 आर्ची उठला. मग टोपी घालत म्हणाला, "पिसू बरी गं, विनी. तिला कणा नव्हता, पण तिने सही तरी कुठे केली नाही."

चिखल उपसला गेला. आर्ची आता त्याच जागी लोकांच्या होड्या धुतो. विनी खाडीकडे फिरकत नाही. मरीनाच्या दारात क्रॅडॉकीचा माणसाएवढा काशाचा पुतळा आहे, ताठ कण्याचा, दूर बघणारा. वर्णनाशी तंतोतंत जुळणारा जगातला तो एकमेव नमुना. पर्यटक त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतात.

तुम्ही हसताय? हसा. हसून झाले की नोकरीसाठी दिलेला स्वतःचा बायोडेटा कपाटातून काढा आणि त्या वर्णनाचा माणूस घरात कुठे सापडतो का, ते बघा. पलंगाखालीसुद्धा बघा. नाही सापडला, आणि उद्या उपसणारे तुमच्या दारात आले, तर माझ्याकडे धावत येऊ नका. मी आता आमिष विकत नाही. त्या पुतळ्याच्या छोट्या प्रतिकृती विकतो, कण्यासकट. तुमच्यासारखी माणसे आवडीने घेतात.