विक खपलीची दिवंगत आई

आपल्याला आई नाही, हे क्लिफर्ड ग्रिमशॉने लंडनच्या वार्ताहराला फोनवर अगदी छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा त्याची आई स्वयंपाकघरात त्याच्यासाठी सॉसेज तळत होती.

फोन जिन्याखाली होता आणि स्वयंपाकघर तिथून चार पावलांवर. त्यामुळे क्लिफर्डला तोंडाशी हाताचा आडोसा धरून, कुजबुजत, आपलं खडतर बालपण सांगावं लागत होतं. आपण गटाराकाठी जन्मलो, अनाथाश्रमात वाढलो, उकिरड्यातलं वेचून खाल्लं. वार्ताहर जाम खूश होता. मध्येच त्याने विचारलं, की मागे हा चरचर आवाज कसला?

"समोरची गिरणी जळतेय," क्लिफर्ड म्हणाला. "इथे रोज काहीतरी जळतं."

तेवढ्यात आतून हाक आली, क्लिफर्ड, सॉसेजबरोबर बीन्स घेणार का रे बाळा? ही बाई कोण, असं वार्ताहराने विचारलंच.

"वेडी आहे एक. दारात येऊन ओरडत असते," क्लिफर्ड म्हणाला. "क्लिफर्ड कोण, ते तिलाच ठाऊक."

वार्ताहराला ते पटलं, कारण तो ज्याच्याशी बोलत होता त्याचं नाव होतं विक स्कॅब. म्हणजे विक खपली. सत्त्याहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात ओल्डहॅममधला गाता न येणारा प्रत्येक पोरगा फाटके कपडे घालून बोंबलणारा पंक गायक झाला होता, आणि त्या सगळ्यांत क्लिफर्डला सर्वांत कमी गाता येत असल्यामुळे त्याचं नाव झालं होतं. त्याच्या बँडच्या नावाचा अर्थ 'तुंबलेली गटारं' असा होता. तो त्यात गायचाही आणि बासही वाजवायचा. बास गिटारला चार तारा असतात. त्यातल्या दोन त्याला वाजवता येत, आणि तिसरी शिकलास तर हाकलून देईन, अशी तंबी ड्रमवाल्या बॅझने त्याला देऊन ठेवली होती.

अशा माणसाला आई असून कसं चालेल? पण होती खरी. हिल्डा ग्रिमशॉ तिचं नाव. क्लिफर्ड मोठ्या कष्टाने शर्ट फाडायचा आणि ती रात्रीतून इतका सुबक रफू करायची की फाटलं होतं कुठे ते शोधावं लागे. कपड्यांना लावलेल्या सेफ्टी पिना ती काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवी, आणि 'बाळा, अरे बटण तुटलं तर सांगत जा की,' असं म्हणे. केस उभे राहावेत म्हणून तो डोक्याला साखरेचं पाणी चोपडायचा, तेव्हा आपला मुलगा चहात इतकी साखर घेतो याची तिला काळजी वाटे. त्याच्या बासला जो झिजका चामडी पट्टा होता, तो तुरुंगातला आहे असं चाहते मानत. खरं तर तो क्लिफर्डच्या कैलासवासी वडिलांच्या तिकिटयंत्राचा होता. ते बस कंडक्टर होते. पट्टा हिल्डानेच हौसेने बासला शिवून दिला होता.

अनाथ होण्यामागे क्लिफर्डचं कारण साधं होतं. येत्या शुक्रवारी संध्याकाळी स्टेशनजवळच्या पबच्या माडीवर गटारांचा कार्यक्रम होता आणि तो बघायला लंडनहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस येणार होता. त्याला पसंत पडलं तर रेकॉर्ड निघणार. नाही पडलं तर सोमवारपासून क्लिफर्डने मीट पाय नावाच्या मटणाच्या कचोऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागायचं, डोक्याला जाळी लावून. साहेबांशी हिल्डाने बोलूनही ठेवलं होतं. आता रेकॉर्ड कंपन्यांना त्या साली काय हवं होतं? दुःख हवं होतं. ग्रिमशॉंच्या घरात ते औषधालाही नव्हतं, म्हणून क्लिफर्डने ते तयार केलं. त्यात काय बिघडलं? आई काही तो पेपर वाचत नव्हती.

आई वाचत नव्हती हे खरं. पण शेजारच्या मिसेस पिलिंगचा भाचा वाचत होता.

त्या आठवड्यात हिल्डा बहिणीकडे मोरकॅम्बला समुद्राची हवा खायला गेली होती. पेपर आला. त्यात विक स्कॅबचा फोटो होता आणि खाली छापलं होतं की याला आई नाही. भाच्याने ते मावशीला वाचून दाखवलं. मिसेस पिलिंग पुढची गोष्ट आपणच समजली. शनिवारी चांगली हातात बॅग घेऊन बसमध्ये चढलेली हिल्डा, त्यानंतर कोणाला दिसलेली नाही, आणि आता पोराला आई नाही. म्हणजे मोरकॅम्बलाच आटोपलं! मिसेस पिलिंगने डोळे पुसले आणि गल्लीच्या रिवाजाप्रमाणे घराचे पडदे ओढून घेतले. ते पाहून समोरच्यांनी ओढले. बघता बघता भर दुपारी अख्ख्या गल्लीने पडदे ओढले. क्लिफर्ड त्या वेळी वरच्या खोलीत शर्ट फाडत होता, त्यामुळे त्याला पत्ता नव्हता.

शुक्रवारी सकाळी हिल्डा परत आली. गल्लीत शिरते तो सगळे पडदे बंद. कोण बिचारं गेलं असेल, असं म्हणून तिने आधी घरात येऊन स्वतःचेही पडदे ओढून घेतले, आणि मग कोट उतरवून चहाचं आधण ठेवलं.

ग्रिमशॉंकडेही पडदे ओढलेले बघून मिसेस पिलिंगची उरलीसुरली शंका फिटली. तिने पहाटेपासून शिजवलेलं अख्खं हॅम ताटात घेतलं. मयतीनंतरच्या चहाला हॅम नसेल तर माणूस नीट गेला असं त्या गल्लीत कोणी मानत नसे, आणि पोरक्या पोराला हॅम कोण शिजवून देणार? तिने चेहरा पाडला आणि दार वाजवलं. दार हिल्डाने उघडलं.

मिसेस पिलिंगच्या हातून हॅम पडलं नाही याचं कारण तिने स्वतः ते खूप वेळ शिजवलं होतं.

"अगं, बरं झालं आलीस," हिल्डा म्हणाली. "कोण गेलं?"

"तू," मिसेस पिलिंग म्हणाली.

मग दोघी आत बसल्या. पेपर आणवला गेला. हिल्डाने चष्मा लावून तो वाचला, पुन्हा वाचला, आणि घडी करून टेबलावर ठेवला. त्याच वेळी क्लिफर्ड साखरेने केस उभे करून, नाकात पिन अडकवून जिना उतरला, आणि टेबलावर पेपर, पेपरशेजारी हॅम आणि हॅमशेजारी आई पाहून तिथेच थबकला.

हिल्डा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिला वाईट वाटलं होतं. ते तिने तसंच सांगितलं.

"मला वाईट वाटलं, क्लिफर्ड. मी तुझं काय वाकडं केलं?"

"काही नाही गं आई," क्लिफर्ड म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आमच्या धंद्यात आई चालत नाही."

"मग काय चालतं?"

"बाप पळून गेलेला चालतो."

"तुझे बाबा शेवटचा बस स्टॉप सोडून चार पावलं पुढे गेले नाहीत जन्मात," हिल्डा म्हणाली.

क्लिफर्डने तिला लंडनच्या माणसाचं सांगितलं. फक्त आजची संध्याकाळ, आज एवढं निभावलं की पुढच्या मुलाखतीत तुला जिवंत करतो, अशी गयावया केली. हिल्डाने त्याचं म्हणणं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की ठीक आहे, मेलेली तर मेलेली. पण संध्याकाळी मी तुझं गाणं ऐकायला येणार.

"अगं, पण तू कशी येशील?"

"मेल्यावर आपला मुलगा काय करतो ते बघायला सगळ्या आयांना नाही मिळत," हिल्डा म्हणाली, आणि तिने त्याच्या नाकातली पिन काढून बिस्किटांच्या डब्यात टाकली.

संध्याकाळी पबची माडी गच्च भरली होती. लंडनचा माणूस, ज्युलियन त्याचं नाव, भारीतल्या कोटावर प्लॅस्टिकचा रेनकोट चढवून मागच्या भिंतीशी उभा होता. त्याला धंद्याची माहिती होती. क्लिफर्डची नजर सारखी दाराकडे जात होती. पहिलं गाणं झालं तरी आई आली नाही, तेव्हा त्याला हायसं वाटलं. दुसऱ्या गाण्याला रंग चढला आणि लोक थुंकायला लागले.

ही त्या मंडळींची दाद देण्याची पद्धत. गाणं जितकं आवडेल तितकं गायकावर थुंकायचं. ज्याच्यावर कोणी थुंकलं नाही त्या गायकाने घरी जाऊन रडावं. त्या संध्याकाळी क्लिफर्डवर चारी दिशांनी असा वर्षाव चालला होता की साखर विरघळून त्याचे केस कपाळावर चिकटले. ज्युलियन मागे मान डोलवत होता. रेकॉर्ड निघणार, हे क्लिफर्डला दिसायला लागलं.

नेमक्या त्याच वेळी हिल्डा जिना चढून वर आली. डोक्यावर रविवारची टोपी, हातात पर्स, काखेत छत्री, आणि मागे मिसेस पिलिंग. तिने काय पाहिलं? तिचं पोर एकटं समोर उभं आहे आणि सगळा गाव त्याच्यावर थुंकतोय. आणि पोर तरी किती धीराचं, पळून न जाता गातंय! मीट पायच्या कारखान्यात जायला हा इतका का नाखूश, घरी आल्यावर रोज शर्ट एवढा ओला का असतो, सगळं तिला एका क्षणात कळलं. चुकीचं कळलं, पण कळलं.

पुढे जे झालं ते फार पटकन झालं. तिने छत्री आडवी धरली आणि गर्दीतून वाट काढली. गळ्यात कुत्र्याचा पट्टा घातलेल्या एका पोराला तिने विचारलं, तुझ्या आईने हेच शिकवलं का तुला? तो निमूट बाजूला झाला. ती मंचावर चढली, क्लिफर्डशेजारी उभी राहिली आणि तिने त्याच्या डोक्यावर छत्री उघडली. बॅझचे हात ड्रमवर थांबले. मग तिने पर्समधून रुमाल काढला, त्याचं टोक जिभेवर ओलं केलं, एका हाताने क्लिफर्डची हनुवटी धरली आणि शाळेत पाठवताना पुसायची तसं त्याचं तोंड पुसायला घेतलं. इतक्या जणांच्या थुंकीवर तिने आपली थुंकी लावली, आणि त्याने तो स्वच्छ झाला असं तिला मनापासून वाटलं.

माडीवर थुंकणं थांबलं.

"ही कोण रे?" कोणीतरी ओरडलं. मागून ज्युलियनही पुढे सरकला होता.

माईक क्लिफर्डच्या तोंडाशी होता. वेडी आहे एक, हे शब्द जिभेवर तयार होते. फोनवर किती सहज बोलून गेला होता तो. बोलला की रेकॉर्ड, नाही बोलला की डोक्याला जाळी. त्याने खाली पाहिलं. हिल्डा आता बासच्या पट्ट्यावरची थुंकी पुसत होती, हलक्या हाताने, जिथे वडिलांच्या खांद्याने चामडं गुळगुळीत झालं होतं तिथे.

"ही माझी आई," तो माईकमध्ये म्हणाला. "मी अनाथ नाही. माझं नाव क्लिफर्ड आहे. आम्ही वेकफील्ड स्ट्रीटला राहतो, आणि आज सकाळी मी सॉसेज खाल्लेत."

मग छप्पर उडेल अशी आरोळी उठली. लोक हसत होते, पाय आपटत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. अनाथ गायक आणि त्याची आई! टोपी काय, पर्स काय, रुमाल काय! असली जबरी थट्टा त्यांनी कधी पाहिली नव्हती. प्रेमाने त्यांनी पुन्हा थुंकायला सुरुवात केली, आणि छत्रीवर टपटप आवाज येऊ लागला.

कार्यक्रम संपल्यावर ज्युलियन क्लिफर्डच्या गळ्यातच पडला.

"कुठून शोधून काढलीस रे ही बाई? काय काम करते! क्षणभर मलाही खरं वाटलं."

"ती माझी खरी आई आहे," क्लिफर्ड म्हणाला.

"बस्स! हेच. असाच चेहरा ठेवून बोलायचं," ज्युलियन म्हणाला. क्लिफर्डने पुन्हा सांगून पाहिलं, रडकुंडीला येऊन सांगितलं, शेवटी मिसेस पिलिंगला साक्षीला बोलावलं. ज्युलियनने डोळा मारला आणि या दुसऱ्या बाईचंही काम फार नैसर्गिक आहे, पण सध्या एकच पुरे, असं म्हणाला. रेकॉर्ड निघेल, उद्याच लंडनला या, अट एकच. त्या बाई प्रत्येक कार्यक्रमात हव्यात. आणि विकने बासची तिसरी तार शिकू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅझच्या काकांच्या व्हॅनमधून गटारं लंडनला निघाली. पुढच्या सीटवर हिल्डा बसली होती, रविवारची टोपी घालून, मांडीवर सँडविचचा डबा घेऊन. मागे ड्रम आणि बासच्या मध्ये क्लिफर्ड अंग चोरून बसला होता. ओल्डहॅम मागे पडलं तशी ती खिडकीची काच खाली करून सगळं बघू लागली, गाई, पूल, दुसऱ्या गावांची नावं लिहिलेल्या पाट्या.

"क्लिफर्ड," ती मागे वळून म्हणाली, "मी जिवंत होते तेव्हा मोरकॅम्बच्या पुढे कधी नेलं नाहीस मला."

क्लिफर्डने बासचा पट्टा सारखा केला.

"आधीच मरायला हवं होतं," हिल्डा म्हणाली, आणि तिने त्याच्या हातात एक सँडविच ठेवलं.

त्याने ते मुकाट्याने खाल्लं. हॅम फार चांगलं शिजलं होतं. शेवटी ते त्याच्या आईच्या मयतीचं होतं.