वय हा आजार नाय

आमच्या शेजारच्या नर्सबाई गाडी सुरू केल्यावर लगेच हलवत नाहीत. आधी खाली उतरतात, बॉनेटवर तळहात ठेवतात, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ आणतात आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजतात. तेव्हा कुणी बोललेलं चालत नाही. एकदा मी मध्येच "कुठं निघालात?" असं विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

डोंगरातल्या वाड्यांवर आयुष्यभर बाळंतपणं करून त्या निवृत्त झाल्या आणि शिनोलीत राहायला आल्या. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. कुणाचं काहीही दुखो, "कधीपासून? आधी हिस्ट्री सांगा." आमच्या घरचा मिक्सर बंद पडला, तर त्याचीही हिस्ट्री घेतली. आणि कुणी चुकून "आता वय झालं" म्हटलं की मग त्याचं काही खरं नाही. "वय हा आजार नाय. आजार सापडला नाय की डॉक्टर वय सांगतो."

दर बुधवारी सकाळी त्या जुन्या पांढऱ्या गाडीत दादांना, म्हणजे आपल्या नवऱ्याला, शेजारच्या सीटवर बसवतात, पोखरीचा घाट चढतात, वर थर्मासमधला चहा पितात आणि परत येतात. दादा एसटीत ड्रायव्हर होते, भीमाशंकरच्या रस्त्यावर त्यांची हयात गेली. मागच्या वर्षी पॅरालिसिसनं उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. त्यांना गाडीत बसवायला मी आणि बाई दोघंही लागतो. एवढा आटापिटा कशासाठी, तर "हवा खायला." शिनोलीत काय हवा नाही, असं मला वाटायचं, पण विचारायची छाती नव्हती.

यंदा पावसाळ्यानंतर गाडी घाटात मान टाकू लागली. सपाटीला झकास, पण चढ लागला की कितीही दाबा, ओढायची नाही. आचके देऊन बंद पडायची आणि अर्ध्या तासानं काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. मंचरच्या मिस्त्रीनं फिल्टर बदलला, प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला आणि हात पुसत म्हणाला, "बाई, गाडीचं वय झालंय."

"ह्यांच्या डॉक्टरनंबी हेच सांगितलं," बाई म्हणाल्या. "त्याला जे ऐकवलं, तेच तुला ऐकवते." आणि पाच मिनिटं ऐकवलं. मिस्त्री पाना हातात धरून शाळेतल्या मुलासारखा उभा होता.

पुण्याहून बाईंच्या मुलाचा फोन आला. रविवारी तो भंगारवाल्याला घेऊन येणार होता.

"बुधवारी गाडी घाट चढली, तर तू नुसता जेवायला ये," बाई म्हणाल्या. "नाय चढली, तर घेऊन जा." फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "सर, बुधवारी शाळेला रजा टाका."

मी टाकली. मागच्या सीटवर बसल्याबरोबर हातात आरोग्य केंद्रातला तापाचा तक्ता आला. त्यावर बाईंनी आधीच्या चार बुधवारांचे गाडीचे आजार लिहिले होते. "जे दिसतं तेच लिहायचं. आपल्या पदरचं काय घालायचं नाय." मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

डिंभ्यापर्यंत मी 'बरी' लिहिलं. घाटाच्या पहिल्या वळणावर 'धाप'. दुसऱ्यावर तीन आचके, आणि गाडी बंद. मागून आलेला जीपवाला थांबला. "मावशी, ढकलू का? गाडी म्हातारी झाली, राव."

"तू निघ," बाई म्हणाल्या. तो निघाला.

मग तक्ता मांडीवर घेऊन त्या बोटानं एकेक ओळ वाचू लागल्या. "पेट्रोल भरल्या-भरल्या बरी. चालून-चालून धाप. निजवली की बरी. म्हंजे औषध हाय बाटलीत, पण उतरत नाय." आणि एकदम कपाळावर हात मारला. "अगं बया! हवेची सुई!"

"कसली सुई?" मी विचारलं.

"पूर्वी काचेच्या बाटलीतलं सलाइन लावलं की बुचात आणखी एक मोकळी सुई खुपसायला लागायची, सर. आत हवा गेली नाय, तर थेंब खाली येत नाय."

त्या तरातरा मागे गेल्या. टाकीच्या झाकणाभोवती दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी होती, तीन पदरी, एक सुरकुती नाही. झाकण सैल झालं होतं, पेट्रोलच्या वासानं दादांना मळमळायचं, म्हणून पावसाळ्यात बाईंनीच ती लावली होती. हवेच्या दाबाचा धडा मी वीस वर्षं शिकवतोय. ती पट्टी मी दर बुधवारी बघत होतो, एकदा 'काय सफाईचं काम आहे' म्हणून कौतुकही केलं होतं. लाज वाटली, ती इथे सांगून टाकतो.

"मीच तुझा गळा आवळला की गं," बाई गाडीला म्हणाल्या. पर्समधून जाडशी सुई काढून त्यांनी झाकणाच्या कडेला पट्टीत खुपसली. टाकीनं सुस्स करून श्वास आत ओढला.

गाडी सुरू झाली. पहिला गिअर, दुसरा. तिसरं वळण गेलं, चौथं गेलं. मी आनंदानं ओरडणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सर, पुढं नका बघू. ह्यांच्या पायाकडं बघा."

मी दोन सीटांमधून वाकलो. घरात लाकडासारखा पडून असणारा दादांचा उजवा पाय हळूहळू पुढे सरकत होता. सरकला आणि खाली दाबला गेला. तिथे ॲक्सिलरेटर वगैरे काहीच नव्हतं, नुसती रबरी चटई होती, आणि ती तेवढ्याच जागी झिजली होती.

"सपाटीला नाय हलत. चढ लागला की हलतो," बाई म्हणाल्या. "कुणाला बोलले नाय. म्हणतील, म्हातारीला भास व्हतात. तक्ता उलटा करा."

तक्त्याच्या मागेही बुधवारच होते, पाय किती सरकला त्याचे. अर्धं बोट. अर्धं बोट. एक बोट. आणि शेवटच्या चार बुधवारी, गाडी जिथे बंद पडली तिथे: नाही, नाही, नाही, नाही.

"लिहा आजचं."

मी दादांच्या पायाकडे पुन्हा नीट बघितलं आणि लिहिलं.

"किती लिहिलं?"

"दीड बोट."

बाईंनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. "दोन लिहा, सर."

मी दीड खोडलं आणि दोन लिहिलं.